काशीराम आर्ट्सची नलिनी

त्या काळात घाटकोपरहून साकीनाक्याकडे जाताना तुम्ही एखाद्या लेथ मशीनवाल्याची, टायरवाल्याची नाहीतर दातांच्या डॉक्टरची पाटी वाचली असेल, तर तिच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत 'काशीराम आर्ट्स' असं लिहिलेलं तुम्हाला दिसलं असेल. मात्र ती पाटी काशीरामने लिहिलेली नसायची. ती त्याच्या बायकोने, नलिनीने लिहिलेली असायची, आणि ही गोष्ट त्या दोघांशिवाय कुणालाच ठाऊक नव्हती.

काशीराम परब पूर्वी स्वतः लिहायचा आणि झकास लिहायचा. एका कारखान्याची भिंत रंगवताना तो परांचीवरून पडला आणि त्याचं उजवं मनगट कामातून गेलं. हाड जुळलं, पण ब्रश धरला की हात थरथरायला लागे. नलिनी तोवर त्याने काढलेल्या अक्षरांत नुसता रंग भरायची. पेंटरांच्या घरोघरी बायका हे काम करतच असत. आता ती अक्षरंही काढू लागली. ती डावरी. डावीकडून लिहीत गेलं की ओला रंग हाताला लागून फासला जायचा, म्हणून ती सरळ शेवटच्या अक्षरापासून सुरुवात करायची आणि उलटी येत येत पहिल्या अक्षराशी थांबायची. काशीराम आधी जाम वैतागला. मग पुरा झालेला बोर्ड बघून गप्प बसला. तेव्हापासून ऑर्डर आणणं, पत्र्याला प्रायमर मारणं आणि बोर्ड नेऊन ठोकणं हे त्याचं काम झालं, आणि लिहिणं तिचं, तेही दार लोटून.

दार लोटायचं कारण साधं होतं. बाई बोर्ड लिहिते हे कळलं तर गिऱ्हाईक दुसरीकडे जाईल, अशी काशीरामला धास्ती होती. ती अगदीच खोटी होती असं म्हणवत नाही, लोक असतातच तसे. कोपऱ्यात आपलं नाव नाही याचं नलिनीला फारसं काही वाटत नव्हतं. तिचं दुखणं वेगळं होतं. कामाबद्दल बोलायला तिला माणूसच नव्हतं. पिवळ्यावर लाल लिहिलं की अक्षर बारीक का दिसतं, हे विचारायचं कुणाला? शेजारणींना त्यातलं काही कळायचं नाही, आणि काशीरामला विचारलं की तो आपल्या मनगटाकडे बघत बसायचा. मग तीच विषय बदलायची. आपण खरंच पेंटर आहोत की नवऱ्याचं काम कसंबसं ढकलतोय, हे सात-आठ वर्षं लिहूनही तिला कळलेलं नव्हतं. ते फक्त पेंटरच सांगू शकले असते.

शहाऐंशी साली मुलुंडहून एक छापील कार्ड आलं. उपनगरातल्या सगळ्या पेंटरांचा मेळावा, रविवारी, शाळेच्या हॉलमध्ये. बोलावणारे भाऊराव, मुलुंडचे जुने बॅनर पेंटर. प्रत्येकाने सर्वांसमोर एक पाटी लिहावी, असं कार्डावर खाली छापलं होतं. काशीरामचा चेहरा तिथेच उतरला.

"माका नको," तो म्हणाला.

"अहो, हात दुखतोय म्हणून सांगा. मी मागे बसेन. नुसतं ऐकेन."

"आणि कळला तर?"

"कोण सांगतंय?"

दोन दिवस ती गाल फुगवून बसली. काशीराम तसा भला माणूस. तिसऱ्या दिवशी त्याने शर्टाला इस्त्री केली.

हॉलमध्ये टर्पेंटाइनचा वास कोंदला होता. नलिनी सोडली तर बाई एकही नव्हती. मांडीवर पर्स घेऊन ती शेवटच्या बाकावर बसली. पुढे एकेक जण उठून पत्र्यावर चार शब्द लिही आणि लिहून झालं की बाकीचे त्याच्यावर तुटून पडत. "अरे, तुझा 'ह' कंबर मोडून का बसलाय?" "ही काय वेलांटी, टोपी उडून चाललीय!" सगळ्यांत मोठा आवाज वाकोल्याच्या दादूचा. ज्याची अशी चिरफाड होई तो आधी भांडे, मग हसे आणि चहा घ्यायला जाई. एखाद्याचा रंग चुकला तर तो कसा मिसळायचा हेही शिव्यांच्या ओघात सांगून टाकत. नलिनी बाकाच्या अगदी टोकाला सरकली होती. इतकं गोड भांडण तिने कधी ऐकलं नव्हतं.

आणि भाऊरावांनी पुकारलं, "काशीराम परब, घाटकोपर!"

"हात दुखतोय जरा," काशीराम जागेवरूनच म्हणाला.

"नाटकं नको रे," दादू ओरडला. "साकीनाका भरून टाकलायस आणि इथं लाजतोस?"

उठावंच लागलं. त्याने ब्रश रंगात बुडवला आणि पत्र्याजवळ नेला. हात थरथरायला लागला. रंगाचा एक थेंब फरशीवर पडला, मग दुसरा. नलिनीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपल्या हट्टापायी या माणसाची चारचौघांत शोभा झाली, असं वाटून तिने मान खाली घातली.

काशीरामने ब्रश खाली ठेवला. "माझं मनगट कधीच गेलं," तो म्हणाला. आवाज मात्र थरथरला नाही. "तुम्ही बघता ते बोर्ड तिचे आहेत. ती मागं बसलीय ना, माझी बायको, नलिनी. तिला लिहू दे."

नलिनी पुढे कशी गेली हे तिलाही कळलं नाही. 'आनंद सायकल मार्ट' असं लिहायचं तिने ठरवलं आणि सवयीप्रमाणे 'ट'पासून सुरुवात केली. लोक माना वाकड्या करून बघत राहिले. पुरं झालं तेव्हा टाळ्यांचा कडकडाट झाला. त्या दिवशी दुसऱ्या कुणालाच टाळ्या मिळाल्या नव्हत्या. भाऊरावांचे डोळे भरून आले. शाळेच्या शिपायाच्या घरून त्यांनी हळदकुंकू आणि नारळ मागवला, शिपायाच्या बायकोकडून नलिनीची ओटी भरवली आणि एक छोटं भाषणही केलं. वहिनींनी नवऱ्याचा संसार कसा सावरला, वगैरे. पत्र्याकडे कुणी ढुंकून बघेना. नुसतं "वा वहिनी, वा वहिनी!"

नलिनीला राग आला. भाऊरावांचं मन मोठं, पण तिने उत्तम पुरणपोळ्या केल्या असत्या तरी त्यांनी हेच केलं असतं.

"आणि चुका?" तिने विचारलं.

"कसल्या चुका, वहिनी? फस्क्लास आहे!"

"सगळ्यांच्या काढल्यात. माझ्या काढणार नसाल तर हा नारळ तुमच्याकडेच ठेवा."

भाऊराव गोंधळले. शेवटी दादू उठला आणि पत्र्याला नाक लावून उभा राहिला.

"सांगू? मग रडायचं नाय."

"सांगा."

"पहिलं अक्षर बघा. चेपलंय पार. सगळे पेंटर शेवटाला जाऊन कोंबतात, तुम्ही सुरुवातच कोंबलीत! उलटं लिहिता ना, मग जागा पण उलटीकडून मोजायची. तुमच्या सगळ्या बोर्डांची हीच बोंब आहे. मला वाटायचं, काशीराम पिऊन लिहितो!"

हॉल खदखदून हसला. काशीरामही हसला. मग काय, सगळेच पुढे सरसावले. एकाने काना जाड असल्याचं सांगितलं. "तो मुद्दाम आहे, बसमधून वाचता यायला हवा," असं नलिनीने त्याला ठणकावलं. दुसऱ्याशी ती शिरोरेषेवरून भांडली आणि हरली. पिवळ्यावरच्या लाल अक्षरांचं तिने विचारलं, तेव्हा तिघांनी तीन उपाय सांगितले आणि त्यांचीच आपसात जुंपली. नलिनीचा चेहरा लालबुंद झाला होता. ती खूप आनंदात होती.

संध्याकाळी हॉल दिल्याबद्दल फाटकावर शाळेचं नाव नव्याने लिहून द्यायचं ठरलं. दादू स्टुलावर चढला. काशीराम आणि नलिनी समोरच्या पायरीवर बसली होती. ओळ आखायला खडूची दोरी ताणायची, म्हणजे दुसऱ्या टोकाला कुणीतरी हवं.

"ओ पेंटर!" त्याने वरूनच हाक मारली. "दोरी धर जरा!"

काशीराम सवयीने उठून दोन पावलं पुढे गेला. दादूने मान हलवली आणि त्याच्या खांद्यावरून पलीकडे, नलिनीकडे बोट दाखवलं. काशीराम तसाच मध्ये उभा राहिला. नलिनीला त्याच्याकडे बघवेना, आणि जागचं उठवेना.

तो मागे वळला आणि तिच्या मांडीवरची पर्स त्याने उचलून घेतली.

"तुका हाक मारतत गो," तो म्हणाला. "जा."