पटका धरी जागा

लातूरच्या स्टँडवर एक हमाल होता. त्याचा लाल पटका इतका लांब, की एक टोक डोक्यावर असताना दुसरं अहमदपुरात वाळत असे. शनिवारी गावी निघालेली क्लासची पोरं धावत येऊन खिडक्यांतून दप्तरं टाकत, की गाडी भरली! ज्यांना पळता येत नसे, त्यांच्यासाठी हा हमाल पटका फेकून जागा धरी.

एकदा दिवस भरलेली बाई माहेरच्या एकुलत्या एक गाडीसाठी उभी होती. यानं पटका फेकला, हात देऊन तिला चढवलं, तोच गाडी निघाली.

“मामा, पटका चालला की!” फलाटावरून मी ओरडलो.

“जाऊ द्या. बाई बसली न्हाई का?” म्हणत त्यानं अंगातला सदरा काढला आणि एका लंगड्या म्हाताऱ्यासाठी लोहा गावच्या गाडीकडं पळाला.