हाक आणि ओ

आमच्या मालेगावात दिवसभर राबूनही काय करतो ते कुणालाच न कळणारा माणूस एकच, गजेंद्र. वडील शालिकराम होते तोवर त्यांच्या घरची वांगी-मेथी बाजारात यायची. ते गेले, मळा बटईने दिला, आणि हा घरी बसून पुण्याच्या कंपनीचं काम करू लागला. माझं किराणा दुकान त्याच्या घरासमोरच. पंख्याखाली बसून पगार खातोस, असं मी त्याला चिडवायचो.

एकदा त्याने मला बसवून सगळं समजावलं. सर्व्हरवर कंटेनर नावाचा मोठा प्रोग्राम असतो. त्याच्या पोटात लहान लहान घटक राहतात. कुणी बिल काढतो, कुणी पासवर्ड तपासतो. घटकाने आपणहून काही करायचं नाही. कंटेनरने ठरलेल्या नावाने हाक मारायची, घटकाने ओ द्यायची. या ठरलेल्या हाका म्हणजे इंटरफेस, आणि त्या आखणं हेच गजेंद्रचं काम.

मग नवा कंटेनर आला आणि त्यात हाकांची नावंच बदलली. जुने घटक धडधाकट, पण सगळे गप्प.

"बिघाड दिसतबी नाही, जिनेश," तो म्हणाला. "कंटेनरले वाटते, घरात कोनी नाहीच."

शेवटी त्याने मधे बसणारा एक तुकडा लिहिला. तो नवी हाक ऐकतो आणि आत जुन्या नावाने पोचवतो. जुने घटक बोलू लागले. त्या दिवशी गड्याने माझ्याच दुकानातली सोनपापडी मलाच चारली.

त्याच सुमारास त्याची आई, आवडाबाई, ओ देईनाशी झाली. कान ठीक होते. ताट पडलं की दचकायची. पण "माय" म्हणा, "आवडाबाई" म्हणा, भिंतीकडे बघत राहायची. डॉक्टर म्हणाले, आठवणी अलीकडून मागे पुसत चालल्यात, लहानपणच्या तेवढ्या उरतील. हाक आल्याशिवाय ती जन्मात कधी जेवायला बसली नव्हती. त्यामुळे जेवणच सुटलं. सून उज्ज्वला ताट घेऊन बसून थकली, आवडाबाई वाळत गेली.

आवडाबाई हे सासरचं नाव. लग्नात तांदळात बोटाने लिहून दिलेलं. माहेरचं नाव गजेंद्रला माहीत नव्हतं. मला तरी माझ्या आजीचं कुठे माहीत आहे? अशी आपली पुरुषांची जात, हाकेसरशी ताट मागणारी. मला आमचाच राग आला.

त्याने मानोऱ्याच्या म्हाताऱ्या आत्याला फोन लावला.

"द्वारकी होती ते," आत्या म्हणाली. "पन आमच्या मायचंबी नाव द्वारकाच. एका घरात दोन कशा चालतीन? म्हनून बदललं."

गजेंद्र ताट घेऊन आईसमोर बसला. मी दारात होतो.

"द्वारके."

"ओ बाबा, आली."

इतक्या दिवसांनी आवाज फुटला. उज्ज्वला रडायलाच लागली. आवडाबाईने मान वळवली, समोर गजेंद्र दिसला, आणि तिने घाईने पदर सावरला.

"तुमी कोन? बाबा वावरात गेले."

"मी गजेंद्र, माय."

ती उठून कोपऱ्यात जाऊन उभी राहिली, परका पुरुष घरात शिरावा तशी. द्वारकीचं अजून लग्नच झालं नव्हतं, पोरगा कुठून असणार?

संध्याकाळी तो दुकानाच्या पायरीवर येऊन बसला. "इथं मधात कोनाले बसवू, जिनेश?" त्याने विचारलं.

आता तो दोन्ही वेळा दाराआडून, तिच्या बापासारखा आवाज जाड करून हाक मारतो. ती ओ देते, येते, जेवते. तिचं जेवण होईपर्यंत तो दाराआडच उभा राहतो, कारण तो दिसला की ती ताटावरून उठते.