आता रड

सोयाबीन काढताना डोळ्यांत कुटाराचा भुसा गेला असेल, असं धरून मी बरेच दिवस डोळे चोळत बसले. काढणी संपली, तरी डोळ्यांत रेती ती रेतीच. शेवटी लेकीनं मला मोताळ्याहून एसटीत घालून बुलढाण्याला नेलं. डॉक्टरांनी खालच्या पापणीत कागदाची बारीक पट्टी अडकवली. थोड्या वेळानं काढली तर कोरडी ठणठणीत! म्हणाले, बोटं आखडवणारा तुमचा संधिवातच डोळ्यांत उतरलाय. शरीराचं रक्षण करणारी शक्ती शरीरावरच उलटली आणि आसवांच्या ग्रंथी सुकल्या. कुंपणानंच शेत खाल्लं तर दाद कुणाकडे मागायची?

तेव्हापासून दिवसातून दोन-चारदा डोळ्यांत थेंब. माझ्या बोटांना ती इवलीशी बाटली दाबता येईना. नवऱ्यानं एकदा हौसेनं घातले, ते सगळे कानात गेले. म्हणून हे काम लेकीचं.

मग तिचं लग्न ठरलं. शेजारच्या घरातल्या माझ्या मोठ्या जाऊबाईंना वेगळीच काळजी. "पाठवणीले माय रडली नाई त लोक काय म्हनतीन वं? पोरगी जड झाली व्हती म्हनतीन!"

लोक गेले खड्ड्यात. थेंब घालणारा हातच घरातून चालला होता, मला त्याची धास्ती होती.

पाठवणीला सगळ्या बायकांनी गळे काढले, जाऊबाईंनी सर्वांत मोठा. माझे डोळे मात्र कोरडे. लेक गळ्यात पडली, मग बाजूला झाली आणि माझ्या पिशवीत हात घालून तिनं बाटली काढली. "आई, मान वर कर." भर मांडवात दोन्ही डोळ्यांत थेंब घातले. ते गालांवर ओघळले.

"हं, आता रड," ती म्हणाली.

आधी मी हसले, मग ती, मग सगळा मांडव. तिनं बाटली जाऊबाईंच्या हातात दिली. "मोठी आई, उद्यापासून तू टाकजो." आणि गाडीत जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी चहाच्या आधीच जाऊबाई दारात हजर. "मान वर कर वं!" त्यांनी बाटली दाबली. पहिला थेंब माझ्या नाकावर पडला, दुसरा बरोबर डोळ्यात. "गेली वं पोरगी," त्या म्हणाल्या, आणि दोघींच्याही गालांवरून पाणी वाहू लागलं.