दाजींचा टॉवेल

आमच्या दाजींना जगातलं काहीही पुसता येतं. निदान त्यांचा तसा समज आहे. खांद्यावरचा टॉवेल काढायचा, दोनदा झटकायचा आणि समोर येईल त्यावर फिरवायचा. स्वतःची मान, जेवणाचं ताट, पोराचं नाक, देवाचा फोटो, सगळं एकाच टॉवेलने आणि बहुतेक याच क्रमाने. तो टॉवेल कधीकाळी पिवळा होता असं बहीण सांगते. मी पाहतोय तेव्हापासून तो मार्केटातल्या बटाट्याच्या गोणीच्या रंगाचा आहे.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे मिस्टर, कांदा-बटाटा मार्केटात कामाला. आमच्या साताऱ्याकडे बहिणीच्या नवऱ्याला कुणी उलटं बोलत नाही. तो आला की खुर्ची रिकामी करायची, तो बोलला की 'व्हय दाजी' म्हणायचं. आपली बहीण त्याच्या घरात नांदते, हे त्यामागचं कारण. ते कुणी बोलून दाखवत नाही, पण ठाऊक सगळ्यांना असतं. असं 'व्हय दाजी' म्हणत म्हणत माझी तिशी उलटली. लोकांची मान दुखते कामाने, माझी होकार देऊन दुखते.

मला इकडे शहरात त्यांनीच आणलं, असं दाजी चार माणसांत सांगतात. आठवीतून शाळा सोडून मी आलो तो एसटीने. स्टँडवर घ्यायला दाजी येणार होते, ते आले नाहीत. एवढाच त्यांचा आणण्यातला वाटा. मला खरं ठेवून घेतलं ते इथल्या बोनकोडे गावातल्या घरमालकीण मावशींनी. ना ओळख ना कागद, तरी त्यांनी घरामागची खोली मला उघडून दिली. पुढे कावीळ झाली तेव्हा पेज करून घातली त्यांनी, आणि त्यांच्या मुलाने स्कूटरवर मधे बसवून, मागून मित्राला धरायला लावून, मला दवाखान्यात पोचवलं. आता मी टेम्पो चालवतो, माझं बरं चाललंय. पण आजही त्यांच्या दारावरून जाताना माझ्या चपलेचा आवाज आपोआप कमी होतो. हे घर आपल्यावर कधी नाराज होऊ नये, ही भीती माझ्या पोटात भाकरीच्याही खाली बसलेली असते.

त्या मुलाला सगळे दादा म्हणतात. तळोज्याला रंगाच्या कारखान्यात कामाला. त्याने गेल्या वर्षी नवी गाडी घेतली, काळी कुळकुळीत. दसऱ्याच्या सुमारास माझ्या आईला मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी गावाहून आणायचं होतं. आईचा खुबा दुखतो, तिला फार वेळ बसवत नाही. मी एसटीचं बघतोय हे कळल्यावर दादाच चिडला.

"आईला यष्टीनं आनतोस? माझी गाडी हाय ना दारात."

मी नको नको म्हणत होतो तोवर चावी माझ्या खिशात होती.

"एक ध्यानात ठेव," तो म्हणाला. "ठोकलीस तर सांग, आपन बघू. पन कोरडं फडकं लावलंस, तर सांगू पन नको. मीच तुला ठोकीन."

मी हसलो. तो हसला नाही. मग त्याने मला सगळं समजावलं. धूळ म्हणजे बारीक खडी. तिच्यावर कोरडं फडकं फिरवणं म्हणजे पॉलिश पेपर मारणं. काळ्या रंगावर तर प्रत्येक ओरखडा उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारखा उठतो. आधी नुसतं पाणी सोडायचं, धूळ आपली आपण वाहू द्यायची. मग साबणाची एक बादली, फडकं विसळायला साध्या पाण्याची दुसरी. वरून खाली यायचं, चाकं शेवटी, आणि चाकांचं फडकं वेगळं.

हे ऐकल्यापासून मला टेम्पो नेतो त्या सोसायट्यांमधला सकाळचा तमाशा बघवत नाही. एक बादली, तिच्यात चहाच्या रंगाचं पाणी, आणि त्या पाण्यावर अख्खी पार्किंग पुसून निघते. पहिल्या गाडीची माती शेवटच्या गाडीला लागते. मालक गॅलरीतून बघतो आणि खूश होतो, कारण गाडी ओली दिसतेय. ओलं म्हणजे स्वच्छ, एवढीच त्याची अक्कल. दुसरे त्याहून थोर. ते ऑफिसला निघताना खिशातला रुमाल काढून बॉनेटवर प्रेमाने गोल गोल फिरवतात. गाडीवर जीव आहे असं म्हणतात. असा जीव शत्रूलाही कुणी लावू नये.

असो. गावी गेलो. आमच्या गावाला दुसरं काही देता येत नाही, धूळ मात्र हात आखडून देत नाही. रात्रीत गाडी करडी झाली. सकाळी बघतो तर पोरांनी बोटांनी दारांवर नावं लिहिलेली, मागच्या काचेवर बदाम आणि त्यातून गेलेला बाण. ज्या गावात आठवीनंतर पेन धरायची कुणाला इच्छा होत नाही, आणि त्यात मीही आलो, त्या गावात धुळीची गाडी दिसली की सगळ्यांना लिहायला सुचतं. एवढ्यात चुलतीने दसऱ्याचं म्हणून बॉनेटवर तेलात कालवलेल्या कुंकवाचं स्वस्तिक काढलं, चांगलं ताटाएवढं, आणि वर हळदीचे ठिपके. मी बघत राहिलो. चुलतीला काय बोलणार? परतीच्या वाटेत ऊन मी म्हणत होतं. बोनकोड्याला पोचेपर्यंत कुंकू पत्र्यावर खपलीसारखं वाळलं होतं.

रात्री ते दादाने बघितलं होतं. सकाळी तो पहिल्या पाळीला गेला, दुपारी परत येणार होता. त्याच्या आत गाडी धुऊन चावी द्यायची, हे मी ठरवलं. पुढच्या आठवड्यात आईला हॉस्पिटलात तोच नेणार होता, तेही त्याने आपणहून सांगितलेलं. अशा माणसाच्या गाडीवर ओरखडा काढून मी कुठल्या तोंडाने त्याच्या ओटीवर बसलो असतो?

"नळाचं पानी घे," मावशी खिडकीतून म्हणाल्या. "बोअरचं नको, खारट हाय, पांढरे डाग ऱ्हातात."

समोरच्या इमारतीची सावली गल्लीत होती. मी पाइप लावला आणि पुढच्या बाजूने पाणी सोडलं. कुंकवावर मायक्रोफायबरचं ओलं फडकं नुसतं पसरून ठेवलं, भिजू दे म्हणून. धुळीचे ओघळ जमिनीवर उतरू लागले. आई मावशींच्या दारात खुर्चीवर बसली होती. तिला गाडीचा काळा ठिपका तेवढा दिसत होता, पण ती कौतुकाने बघत होती.

आणि दाजी आले.

सासूला भेटायला आले होते. खुर्ची घेतली, चहा घेतला, ऑपरेशन कसं करतात ते आईला समजावून सांगितलं. ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरपेक्षा त्यांना जास्त माहिती होती, हे आईला लगेच पटलं. मग त्यांची नजर माझ्याकडे वळली.

"गाडी धुतोयस का अभिषेक घालतोयस?"

"धूळ सुटू देतोय, दाजी."

"सुटू देतोय! धूळ काय पावनी हाय व्हय, आपन होऊन निघून जायला?"

"दादानं तसं सांगितलंय."

"त्याला काय कळतंय? मी मार्केटात रोज शंभर ट्रक बघतो."

खाडीवरचा बगळा रोज भरती-ओहोटी बघतो, म्हणून त्याला होडी वल्हवता येत नाही. पण हे मी मनात म्हणालो. दाजींशी माझं निम्मं बोलणं मनातच होतं.

ते उठले. बॉनेटवरचं ओलं फडकं दोन बोटांनी उचलून त्यांनी बाजूला टाकलं, थेट जमिनीवर, चिखलात. कुंकवावर नख मारून बघितलं.

"हे असं निघतंय का? नारळाची शेंडी आन. घासलं की एका दमात साफ."

"व्हय दाजी," माझं तोंड म्हणालं. सवय ती. पाय मात्र हलले नाहीत, हात साबणाच्या बादलीत तसेच राहिले.

"आन की! तवर मी मागची बाजू उरकतो."

मागच्या बाजूला अजून पाण्याचा थेंब लागला नव्हता. गावची सगळी धूळ तिथे तशीच, पोरांच्या नावांसकट. दाजींनी खांद्यावरचा टॉवेल काढला. दोनदा झटकला.

"दाजी, राहू द्या."

"गप रं. शिकून घे जरा."

"करू दे की त्यास्नी," आई दारातून म्हणाली. "दाजी हाईत."

तो टॉवेल दाराच्या पत्र्यापासून वीतभर लांब होता. माझ्या डोळ्यांसमोर बहीण आली, तिच्या स्वयंपाकघरात, मान खाली घालून ऐकत असलेली. दादाही आला. आणि माझा साबणाचा हात जाऊन दाजींच्या मनगटावर बसला.

गल्लीत कुणाच्या तरी कुकरची शिट्टी झाली.

"हात सोड."

"टॉवेल खाली घ्या आधी."

"कुनाचा हात धरलायस, कळतंय का तुला?"

"कळतंय. म्हणूनच एवढी वर्षं लागली."

दाजींचा चेहरा असा झाला की जणू बटाट्याची गोणीच बोलली. त्यांनी हात हिसकला, मनगटावरचा फेस त्याच टॉवेलला पुसला, टॉवेल खांद्यावर टाकला आणि सासूच्या पाया न पडता गेले. जाताना कोपऱ्यावर थांबून त्यांनी दुसऱ्याच कुणाच्या तरी स्कूटरची सीट पुसली, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. त्या माणसाचा हात रिकामा राहूच शकत नाही.

"काय केलंस रं हे?" आई म्हणाली. "तिला आता काय काय ऐकायला लागंल."

गाडी अर्धी राहून चालणार नव्हतं. मागच्या बाजूने पाणी सोडलं. पोरांची नावं एकेक करून वाहून गेली. दुसरं स्वच्छ फडकं घेऊन कुंकवावर पुन्हा पसरलं, थांबलो, साबण लावला, पुन्हा थांबलो. हळूहळू ते गुलाबी होऊन सुटलं. घासायची गरजच नव्हती. मग छपरापासून सुरुवात करून, दर वेळी फडकं विसळत, खाली आलो. शेवटी मोठा मऊ टॉवेल पाण्यावर नुसता अंथरायचा आणि दोन्ही टोकं धरून ओढायचा, म्हणजे पाणी तो पितो आणि पत्रा घासला जात नाही. ऊन गल्लीत यायच्या आत एकेक थेंब टिपला. सारखं मनात येत होतं, बहिणीला फोन करावा. धीर झाला नाही.

दादा आला तो गाडीभोवती फिरला. वाकून, मान तिरपी करून, उजेडाच्या रेषेत पत्रा बघितला.

"कुंकू कसं काढलंस?"

"भिजवून."

"बरं केलंस." त्याने चावी खिशात टाकली. "हॉस्पिटलला बुधवारी सकाळीच निघू. आईला मागे आडवं होता येईल, उशी घेऊन ये."

एवढंच. मी मान हलवली. बादल्या उचलून आत गेलो.

संध्याकाळी बहिणीचा फोन आला. ती दबक्या आवाजात बोलत होती, म्हणजे दाजी घरातच होते.

"काय केलंस तू त्यांना?"

"ताई, चुकलं असंल तर मी येतो. उद्या येऊन पाया पडतो."

तिच्याकडच्या टीव्हीवर बातम्या चालू होत्या.

"आल्यापासून एक शब्द बोलले न्हाईत," ती म्हणाली. "जेवले गपचूप. मीठ कमी हाय, भाकरी जाड हाय, काही न्हाय. मी निवांत बातम्या बघत बसलीय."

"मग उद्या येऊ का?"

"उद्या नको," ताई म्हणाली. "दिवाळीपर्यंत थांब जरा."