भाकरीचं यंत्र

वडिलांना आम्ही अप्पा म्हणायचो आणि आईला अव्वा. अप्पा सोलापुरातल्या एका गिरणीत फिटर होते. शाळा सातवीपर्यंतच झालेली, पण एखादी गोष्ट अडली की ती का अडते हे कळेपर्यंत त्यांना चैन पडत नसे. आमच्या चाळीतल्या नळाला पाणी कधी येईल याचा भरवसा नव्हता. म्हणून त्यांनी नळाखाली एक डबा असा टांगला, की पहिली धार पडताच तो कलंडायचा आणि त्याला बांधलेली घंटी वाजायची. घंटी वाजली की सगळी चाळ घागरी घेऊन धावायची. गिरणीतही धागा तुटल्यावर माग थांबवणारी एक पट्टी त्यांनी सुधारून दिली होती. साहेबांनी चारचौघांत पाठ थोपटली. अप्पांना तेवढं पुरलं.

मी सातवीत होते तेव्हा अव्वा नळावर घसरून पडली आणि तिचं उजवं मनगट मोडलं. हाड बसलं, पण वाकडं बसलं. भाजी, आमटी ती डाव्या हातानं कशीबशी करायची. भाकरी मात्र थापता येईना, आणि आमच्या घरी दोन्ही वेळेला ज्वारीची भाकरीच लागायची. महिनाभर शेजारणींनी करून दिल्या. मग अप्पांची थोरली बहीण मंगळवेढ्याहून ज्वारीचं पोतं घेऊन आली आणि दोन दिवस सगळं बघून म्हणाली, "एवढी पोरगी हाय की घरात. शाळा सोडव तिची. भाकरी शिकू दे."

मी दाराआड उभी होते. धाकट्या दोघी बहिणी खेळत होत्या.

"ती शाळेला जाणार, अक्का," अप्पा म्हणाले.

"मग भाकरी कोण करायचं?"

अप्पांनी क्षणभर विचार केला. "मशीन करतो."

आत्या हसली. अप्पा हसले नाहीत.

पुढचे तीन महिने त्यांची प्रत्येक सुट्टी त्या मशीनमध्ये गेली. आधी त्यांनी लोखंडाच्या दोन गोल चकत्या बिजागरीनं जोडल्या. मध्ये पिठाचा गोळा ठेवायचा आणि दांडा दाबायचा. गोळा चपटा व्हायचा, पण कडेनं फुटायचा, आणि उचलायला गेलं की अर्धा चकतीलाच चिकटून राहायचा. तेल लावून झालं, ओलं फडकं लावून झालं. मग ते म्हणाले, दाबायला नको, थापायलाच पाहिजे. त्यांनी बाभळीच्या लाकडाचा एक पंजा कोरला, त्याला चामडं लावलं आणि मोडक्या शिलाई मशीनच्या पायट्याला जोडला. पायटा मारला की खालची चकती फिरायची आणि वरून पंजा थापट्या मारायचा.

पहिल्यांदा ते चालवलं तो रविवार मला लख्ख आठवतो. पंजा असा काही सुटला की पीठ छताला लागलं, अप्पांच्या मिशांना लागलं, आणि गोळा उडून थेट खिडकीबाहेर गेला. अव्वा हसायला लागली. हात मोडल्यापासून ती तशी हसलीच नव्हती. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली.

अप्पा मिशा पुसत खाली बसले. "हाताला कळतंय पीठ कुटं फुटणार ते," ते म्हणाले. "लाकडाला कसं कळायचं?"

मला वाटलं, संपलं. आता माझी शाळा सुटणार. रात्री जेवतानाही मी त्यांच्याकडे बघितलं नाही.

पण सोमवारी सकाळी मी उठले तेव्हा अप्पा स्वतः पीठ मळायच्या काटवटीपुढे मांडी घालून बसले होते. अव्वा शेजारी बसून सांगत होती, "पाणी कडकडीत पाहिजे. तळव्यानं मळा. आता बोटं सैल सोडा की." पहिली भाकरी नकाशासारखी झाली. पंधरा दिवसांत ती गोल झाली, आणि महिन्याभरात तव्यावरून निखाऱ्यावर टाकली की टम्म फुगायला लागली. रोज पाच जणांना पुरतील एवढ्या भाकरी थापून ते सातच्या पाळीला जायचे. चाळीत बायका तोंडाला पदर लावायच्या. गिरणीतही चिडवायचे. अप्पा डबा उघडून पुढे करायचे, "खाऊन बघा, मग बोला."

त्यांना लाज वाटत नव्हती. मला वाटत होती.

आमची शाळा सकाळची; जाताना माझी एक मैत्रीण मला बोलवायला यायची. एके दिवशी ती लवकर आली. दार उघडं होतं, अप्पा कोपरापर्यंत पिठात. ती थबकली. मी झटकन बाहेर येऊन दार ओढून घेतलं. "भाकऱ्या कोण करतं तुमच्यात?" तिनं विचारलं. मी म्हणाले, "बाई येते." मी दार ओढून घेताना अप्पांनी वर बघितलं होतं, ते मी पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून मैत्रीण यायच्या आत काटवट धुऊन भिंतीला टेकवलेली असायची. अप्पा कपडे करून, केस विंचरून ओट्यावर बसलेले असायचे. मी मॅट्रिक होईपर्यंत तसंच चाललं.

पुढे मी शिक्षिका झाले, लग्न झालं, मुलं झाली. अप्पा निवृत्त होऊन थकले होते, तेव्हा एका दुपारी त्यांच्या उशाशी बसून मी धीर केला. "अप्पा, त्या दिवशी मी दार ओढून घेतलं होतं. तेव्हापासून तुम्ही लवकर उठायला लागलात."

"छे," ते म्हणाले. "माझी पाळी बदललेली की तेव्हा."

पाळी कधीच बदलली नव्हती. त्यांनी कूस बदलली आणि पंखा कमी करायला सांगितला.

त्याच वर्षी अप्पा गेले. दिवसकार्य झाल्यावर मी अव्वाला म्हटलं, माफी मागायची राहूनच गेली.

अव्वा आपलं वाकडं मनगट चोळू लागली. मग म्हणाली, "त्या दिवशी कामावरून आले आन् म्हणाले, पोरीला लाज वाटतीय, उद्या मला चारला उठव. मी म्हणलं, तिला दोन शब्द बोला की. तर म्हणाले, लहान हाय ती. वाटणारच."