काळी बोटं

गंजलेलं लोखंड आणि गूळ आंबवून केलेल्या काळ्या रंगाचा वास आला, की मला धारला मामींकडे झालेलं ते हळदीकुंकू आठवतं. विम्याच्या ऑफिसात जीव रमेना, म्हणून नोकरी सोडून मी एका मुस्लिम कारागीर बाईंकडे, सगळे त्यांना आपा म्हणत, कापडावर ठशांची छपाई शिकत होते. त्या दिवशी मीच त्यांना आग्रहाने सोबत नेलं होतं. हाताला अत्तर लावताना मामींनी विचारलं, "बोटं का गं काळी? मेहंदी बिगडली का?" मी पटकन म्हणाले, "मुलाच्या शाळेचं काम होतं, मामी. ऑफिस चालूच आहे." शेजारी बसलेल्या आपा हसून म्हणाल्या, "हाँ, बच्चों का काम है," आणि आपली काळी बोटं त्यांनी हळूच ओढणीखाली घेतली. आता छपाई हेच माझं काम आहे, बोटांचा रंग मी घासून काढत नाही. आपा मात्र पुन्हा माझ्याबरोबर कुठे आल्या नाहीत.