तिसरा पुकारा

थर्झा पिटमन आमच्या शेजारची. इंग्लंडातल्या डॉर्सेट परगण्यातल्या आमच्या गावच्या बायकांसारखी तीही हातमोजे शिवायची. बोलायला फटकळ, हसायला मोकळी. जमीनदारांचा धाकटा लायोनेल तिच्या मागे लागला तेव्हा मीच तिला म्हटलं, "अगं, त्यांच्या घोड्यांनाही आपल्यापेक्षा चांगलं खायला मिळतं!"

"मी घोड्याशी कुठे लग्न करतेय?" ती म्हणाली.

पोरगा मात्र मनाचा खरा. पिटमनांच्या अंगणात बसून मटार सोलायचा आणि निम्मे खाली सांडायचा. थर्झाची आई अंथरुणाला खिळलेली, तिच्याशीही गप्पा मारायचा. थर्झाचा बाप जॉब यानेही खुशीने होकार दिला.

आमच्याकडे लग्नाआधी तीन रविवार चर्चमध्ये दोघांच्या नावांचा पुकारा होतो. एकवीसच्या आतलं कुणी असेल, तर त्याच्या बापाने उभं राहून मनाई केली की पुकारा रद्द. लायोनेल तेवीस वर्षांचा, म्हणून जमीनदारांना बोलायला जागाच नव्हती. थर्झा एकोणीसची, पण जॉब आमच्यातला. तो कशाला मनाई करतोय? दोन पुकारे झाले आणि आम्ही खुळ्यासारखे केकचे बेत करत बसलो.

तिसऱ्या रविवारच्या आदल्या दिवशी जमीनदारांचा कारभारी जॉबकडे आला. आमच्यात एकच भिंत, तीही पातळ. "घर साहेबांचं आहे, जॉब," तो अगदी गोडीत म्हणाला. "आजारी बायकोला या थंडीत कुठे नेशील?"

जॉब काय म्हणाला ते मला ऐकू आलं नाही.

रविवारी पाद्रीबाबांनी नावं वाचली आणि कुणाची हरकत आहे का, असं विचारलं. जॉब उठला. टोपी हातात चुरगळत काहीतरी पुटपुटला.

"मोठ्याने बोल, पिटमन," पाद्रीबाबा म्हणाले.

"माझी पोर एकवीसची नाही. बाप म्हणून माझी मनाई आहे."

"जॉबकाका, काय बोलताय हे?" लायोनेल ओरडला. जॉबने वर पाहिलं नाही. आमच्यापैकीही कुणी नाही. आम्ही सगळे त्याच जमीनदारांच्या घरांत राहणारे. आजही ते आठवलं की स्वतःचीच चीड येते.

थर्झा एकवीसची झाली तेव्हा लायोनेल पुन्हा आला. आता तिला कुणाची परवानगी नको होती. जमीनदारांनी त्याला घराबाहेर काढलेलं, अंगावरच्या कोटाखेरीज त्याचं काही नव्हतं. "चल," तो म्हणाला.

"आणि आईला कुठे ठेवू?"

त्याने फाटक हलकेच लावून घेतलं आणि तो निघून गेला. पुढे तो परदेशी गेल्याचं कानावर आलं.

आई त्यानंतरही बरीच वर्षं जगली. मग जॉबनेही अंथरूण धरलं. एकदा मी चादर बदलायला गेले होते. थर्झा त्याला पेज भरवत होती.

"पोरी," जॉब म्हणाला, "एकदा तरी मला शिव्या दे गं."

"कुठल्या तोंडाने देऊ, बाबा?" थर्झा म्हणाली. "तुमच्या जागी मी असते तर त्या रविवारी मीही उठलेच असते. निदान कुणावर तरी रागवायला मिळायला हवं होतं. तेवढंही नाही मिळालं मला."

जॉब रडायला लागला. तिने त्याचं तोंड पुसलं आणि पुढचा चमचा भरला.